राग आला की लाल

नादखोऱ्याच्या कमानीवर दिव्यांच्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘राग ओळखा, आनंद वाढवा.’ सर्जेराव ऐवळेंनी ते दोनदा वाचलं आणि पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावरची आठी थोडी सैल झाली.

“बघ बाबालाल,” ते म्हणाले, “मला वाटलं हुतं, नुसता धांगडधिंगा असंल हितं. पण रागाची कदर हाय म्हणायची.”

बाबालाल मुलाणींनी मान डोलावली. त्यांना काही ऐकू आलेलं नव्हतं. सर्जेरावांच्या ब्रास बँडात सायड्रम बडवून बडवून त्यांचे कान कधीच गेले होते. ऐकायचं यंत्र होतं, पण गर्दीत ते किंचाळायला लागतं म्हणून ते खिशातच असायचं. समोरच्याच्या ओठांवरून त्यांना हवं तेवढं कळायचं, आणि नको तेवढं कळत नाही हा फायदा वेगळा.

पन्हाळ्याच्या वाटेवरची ही जुनी दगडखाण. दगड संपला तसं कुणाच्या तरी डोक्यात आलं, की खाणीच्या पायऱ्यांवर माणसं बसवली आणि तळात स्टेज बांधलं, तर देशात नाही असं गाण्याचं मैदान होईल. झालंही तसंच. आता तिथे चाळीस हजार माणसं उघड्या आभाळाखाली बसून गाणं ऐकायची, आणि आज ती सगळी सर्जेरावांच्या मुलीला ऐकायला आली होती.

फाटकावर ऋचा नावाची एक मुलगी दोन्ही हातांनी मनगटपट्ट्या वाटत होती. “काका, मनगट पुढे करा. रागमापक आहे.”

“काय हाय?”

“रागमापक. राग मोजतं. सक्तीचं आहे.”

सर्जेरावांनी हात मागे घेतला. “मला न्हाई लागत. उभा जन्म बँड चालवलाय मी. राग मला कळतो.”

“कळत असेल हो काका, पण लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो.”

“माझ्या लक्षात यायला उशीर? पोरी, तू कुणाशी बोलतीयास?”

“सगळ्यांचंच तसं होतं,” ऋचा रांगेकडे बघत म्हणाली. मागून लोक ढकलायला लागले होते. “हे यंत्र आधी सांगतं, एवढंच. हिरवा दिवा म्हणजे छान चाललंय. राग आला की लाल होतो. चला, पुढे व्हा.”

तिने पट्टी आवळली आणि दोघांना आत लोटलं. सर्जेराव मनगटाकडे बघत राहिले. राग आला की लाल. बरं, बघू तर खरं.

आता ही पट्टी खरोखर काय होती ते सांगायला हवं, कारण सर्जेरावांना ते कुणीही सांगितलं नाही. राग म्हणजे चीड. काही वर्षांपूर्वी एका मैदानात हाणामारी होऊन माणसं तुडवली गेली, तेव्हापासून हे खूळ निघालं. पट्टी नाडी मोजायची, तळहाताचा घाम मोजायची, दंडाचे आणि जबड्याचे स्नायू किती आवळलेत ते कातडीवरून ओळखायची आणि माणूस चिडला की नाही ते ठरवायची. प्रत्येक माणसाचा एक ठिपका स्टेजसमोरच्या मोठ्या फळ्यावर उमटायचा. त्याला दादफळा म्हणायचे. गाणाऱ्याने श्रोत्यांचे चेहरे बघायचं सोडून त्या फळ्याकडे बघायचं, हिरवा वाढला की तसंच गायचं, कमी झाला की बदलायचं. नव्या गायकांना तर त्याच्याशिवाय तोंड उघडता येत नव्हतं. पोराटोरांनाही हे ठाऊक होतं. पण ज्या माणसाने सात-आठ वर्षं गाण्याच्या मैदानाकडे पाठ फिरवली, त्याला कोण सांगणार? आणि सांगायला गेलं तर हा माणूस ऐकून घेणार आहे का?

ऐकून घेणं सर्जेरावांच्या रक्तातच नव्हतं. क्लॅरनेट मात्र असं वाजवायचे की वरातीतले दारुडेसुद्धा नाचायचे थांबायचे. बँडवाला म्हणून गाण्यातल्या मोठ्या लोकांनी त्यांना कधी दारात उभं केलं नाही, त्याची जळजळ त्यांनी आयुष्यभर पोटात ठेवली. पोरीचं नाव आसावरी ठेवलं, तेही रागावरून. तिला शिकवायला बसले की डोळे मिटून ऐकायचे आणि शेवटी एकच वाक्य बोलायचे. “सूर लागले. राग न्हाई आला अजून.”

सूर लावला म्हणून राग येत नसतो, तो यावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. पोरगी रडायची, पुन्हा गायची. राग न्हाई आला अजून. सोळाव्या वर्षीही तेच, विसाव्या वर्षीही तेच. मग एका लग्नाच्या मांडवात, सगळ्या पाहुण्यांच्या देखत, तिचा तोल गेला. “तुम्हाला तरी कुठं कळतो राग? वरातीत पिपाणी फुंकणारी माणसं तुम्ही!”

“आजपास्नं तुझा आवाज माझ्या कानावर पडला न्हाई पायजे,” सर्जेराव म्हणाले होते. पोरगी त्याच मांडवातून मुंबईला निघून गेली. पाठवणीला वाजवायची एक धून सर्जेरावांनी स्वतः बांधली होती, पिलू रागात. उभ्या जिल्ह्यातल्या पोरी त्या धुनेवर सासरी गेल्या. स्वतःची पोर सोडून गेली तेव्हा मात्र क्लॅरनेट पेटीत बंद होतं.

आणि आता तिने पास पाठवला होता. सोबत चिठ्ठी नाही, फोन नाही. तिसऱ्या रांगेतल्या दोन खुर्च्या, बस्स. सर्जेरावांनी तो फाडायला घेतला होता. बाबालालनी हातातून हिसकावला आणि गाडी ठरवून टाकली. वाटेत सर्जेराव स्वतःशी म्हणत होते, की आज ऐकायचं आणि राग आला असेल तर तसं तिला सांगायचं. नसेल आला तर तेही सांगायचं. खोटी दाद द्यायला आपण जात नाही.

कार्यक्रम ऊन उतरता उतरता सुरू झाला. आसावरी स्टेजवर आली तेव्हा सर्जेरावांनी मान फिरवली, आणि लगेच परत वळवली. पोर वाळली होती. पहिली दोन-तीन गाणी तिने फळ्याकडे बघत बघत म्हटली. कुठे हिरवा कमी झाला की ठेका बदलायची, कुठे वाढला की तीच ओळ पुन्हा घ्यायची.

“ही गातीया का भाजी इकतीया?” सर्जेराव मोठ्यांदा म्हणाले.

शेजारचा जाडजूड माणूस त्यांच्याकडे वळून हसला. “काका, जरा शांत बसा ना. आपली रांग आत्तापर्यंत सगळी हिरवी आहे. रांग शेवटपर्यंत हिरवी राहिली तर पुढच्या कार्यक्रमाचा पास फुकट मिळतो.”

“मग?”

“मग तुमच्यामुळे गेला, तर मला वाईट वाटेल.” तो अजूनही हसत होता. त्याच्या पलीकडची बाईही हसत होती, तिच्या पलीकडचा तरुणही. तिघांच्या डोळ्यांत मात्र असं काही होतं की सर्जेरावांनी खुर्ची इंचभर सरकवली. माणसं शिकतात हो. राग मोजायला लागल्यापासून लोकांनी राग सोडला नव्हता, चिडायचं तेवढं सोडलं होतं. दात न आवळता, नाडी न वाढवता, गार डोक्याने दुसऱ्याचं वाईट चिंतायला ती शिकली होती आणि मनगटावर हिरवा दिवा मिरवत होती. बाबालालचा ठिपका तर अख्ख्या रांगेत सर्वांत हिरवा होता, कारण त्यांना काही ऐकूच येत नव्हतं.

मग आसावरीने वादकांना हाताने थांबवलं. दादफळ्याकडे पाठ केली, डोळे मिटले, आणि साथीशिवाय एक सूर लावला.

सर्जेरावांना पहिल्याच स्वराला कळलं. त्यांची धून. पाठवणीची.

त्यांना आधी संताप आला. विचारलं का हिने मला? बाजारात आणून बसवली माझी धून? जबडा आवळला गेला, मनगटावरचा दिवा पिवळा झाला. शेजारच्याने हसत हसत त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला. सर्जेरावांनी तो झटकून टाकला, कारण तेवढ्यात पोरीने शुद्ध गंधारावरून खाली घसरत कोमल गंधार घेतला होता, आणि तो असा घेतला होता की सर्जेराव खुर्चीच्या टोकाशी सरकले. याच जागेसाठी त्यांनी जन्मभर क्लॅरनेट फुंकलं होतं. ओठ फुटले, पण ती जागा त्यांना कधी सापडली नाही. पोरीला सापडली. गळा दाटून आला, अंगाला घाम फुटला, मुठी आपोआप वळल्या. मेलो, ते पुटपुटले, जीव घेतला कार्टीनं.

त्यांनी खाली बघितलं. दिवा लालभडक झाला होता.

म्हणजे यंत्रालाही कळलं! सर्जेराव ताडकन उठले. उजवा हात वर केला, पट्टी सगळ्यांना दिसेल अशी धरली, आणि वरातीत अख्ख्या गल्लीला ऐकू जाणाऱ्या आवाजात ओरडले, “आला! आसे, राग आला! राग आला गं!”

आसावरीने डोळे उघडले. तिसऱ्या रांगेत, तिने स्वतः निवडलेल्या खुर्चीसमोर, तिचा बाप वळलेली मूठ उगारून उभा होता. मनगट लाल होतं. तिने वळून फळ्याकडे पाहिलं. हिरव्या रानात एकच लाल ठिपका होता.

त्याच क्षणी सर्जेरावांच्या भोवतीचा आवाज गेला. खुर्च्यांच्या मागच्या खांबांत ती सोय होती. एखादा लाल झाला, की त्याच्या खुर्चीवर आवाजाच्या लाटेच्या नेमकी उलटी लाट सोडायची. दोन लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. आतल्याला बाहेरचं ऐकू येत नाही, बाहेरच्यांना आतलं. मौनझोत म्हणायचे त्याला. सर्जेराव ओरडत होते आणि त्यांचा आवाज त्यांच्याच कानांपर्यंत पोचत नव्हता. त्यांना वाटलं, मैदान गप्प झालं. आपल्यासाठी.

मैदान गप्प नव्हतं. आसावरी माइकमध्ये बोलत होती, आणि तिचा आवाज थरथरत होता. “समोर माझे वडील बसलेत. इतक्या वर्षांनी आलेत. त्यांना अजून राग येतोय.” लोक हसले. “तुम्हीच सांगा, मी काय करू?”

“हाकला!” तिसऱ्या रांगेतला तो जाडजूड माणूस हसून म्हणाला. त्याच्या मागच्यांनी तो शब्द उचलला, त्यांच्या मागच्यांनी त्यांच्याकडून घेतला, आणि बघता बघता सगळी खाण एका तालात म्हणायला लागली, “हाकला! हाकला!” टाळ्यांचा ठेका धरला होता त्यांनी. मुलं खांद्यांवर बसून ओरडत होती. चाळीस हजार माणसं एका म्हाताऱ्यावर तुटून पडली होती आणि दादफळा हिरवागार होता. संध्याकाळभरात तो एवढा हिरवा एकदाही झाला नव्हता.

सर्जेरावांना दिसत होत्या त्या फक्त टाळ्या, आणि आपल्याकडे वळलेले हजारो हसरे चेहरे. असली दाद त्यांना आयुष्यात मिळाली नव्हती. त्यांनी डोळे पुसले, दोन्ही हात जोडले, आणि चारी दिशांना वळून वळून नमस्कार केला.

बाबालालना ओठ वाचता येत होते. त्यांनी हजारो ओठांवर एकच शब्द वाचला आणि ते मित्राच्या अंगावर पडून त्याला खाली ओढायला लागले. “बस रं बाबा, बस! शिव्या घालत्यात तुला!” मौनझोतात तो आवाज विरून गेला. सर्जेरावांना वाटलं, बाबालाल मिठी मारतोय. त्यांनीही त्याला घट्ट धरलं. पिवळ्या जाकिटातली माणसं येऊन दोघांना घेऊन गेली तेव्हासुद्धा त्यांना वाटत होतं, की पोरीने आत बोलावलं असेल.

शांतिघर म्हणून एक खोली होती, स्टेजच्या मागच्या कातळात कोरलेली. तिथे निळा उजेड होता आणि खिळून टाकलेल्या खुर्च्या. बाबालालना दाराबाहेरच बसवून ठेवलं. फाटकावरची ऋचा आता या खोलीच्या कामावर होती. तिने पाण्याचा पेला पुढे केला आणि पाठ केल्यासारखं सांगून टाकलं, की काकांना तीव्र स्वरूपाचा राग आल्याची नोंद झाली आहे, त्यामुळे यापुढे राज्यातल्या कुठल्याही मैदानाचं फाटक त्यांच्यासाठी उघडणार नाही.

“राग आला म्हणून?” सर्जेराव हसलेच. “अगं, राग यावा म्हणून तर गायचं असतंय.”

“काका, इतकं चिडून उभं राहायचं, मूठ दाखवायची...”

“कोण चिडलं?”

त्या दोघांचा गोंधळ उलगडायला, आणि सगळं मैदान हिरव्या दिव्यांनिशी ‘हाकला’ म्हणत होतं हे सर्जेरावांना कळायला, बराच वेळ लागला. उलगडला तेव्हा सर्जेराव खुर्चीवर बसले आणि पेला खाली ठेवायचं विसरून गेले. ते हसरे चेहरे. त्या टाळ्या. आपण त्यांना नमस्कार केला. त्यांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं, आणि मनगटावरचा दिवा पुन्हा लाल झाला. या खेपेला यंत्राचं चुकलं नव्हतं.

आसावरी कार्यक्रम उरकून आली ती दार आपटूनच. तोंडावरचा रंग तसाच होता. “समाधान झालं? एवढ्या लोकांत माझी शोभा करायची होती, झाली?”

“शोभा माझी झाली,” सर्जेराव म्हणाले. “तुझी न्हाई.”

“मी पास पाठवला तुम्हाला. मी! तुमची धून मी आजवर कुठंही गायले नव्हते. तुम्ही समोर असाल तेव्हाच गायची म्हणून ठेवली होती. आणि तुम्ही मूठ उगारता?”

“आसे, मी म्हणालो राग आला. राग! पिलू! ह्या पोरीला इचार, फाटकावर काय म्हणाली ती मला.”

आसावरीने ऋचाकडे पाहिलं. ऋचा गोरीमोरी झाली होती. “मी म्हणाले, राग आला की लाल होतो. सगळ्यांना तसंच सांगते मी.”

आसावरी भिंतीला टेकली. लहानपणापासून ज्या दोन शब्दांसाठी ती रडत होती, ते दोन शब्द तिला मिळाले होते, भर मैदानात, घसा फोडून ओरडलेले. आणि ते ऐकून तिने काय केलं होतं? पण ती बापाचीच पोर. इतक्या सहज ऐकून घेणारी नव्हती.

“यंत्राला शब्द कळत नाहीत,” ती म्हणाली. “ते अंगातलं मोजतं. तुमच्या अंगात चीड होती म्हणून लाल झालं. ती होती की नव्हती, तेवढं सांगा.”

सर्जेरावांनी खोटं बोलायचा विचारही केला नाही. “हुती. माझी धून उचललीस म्हणून हुती. मग त्यो गंधार लावलास, तर जास्तच झाली. मला जन्मात न्हाई लागला त्यो तसा. जीव जळला माझा. बापाचा जीव जळतो का पोरीवर? माझा जळला. आणि आनंद म्हणशील, तर तसला आनंद तू जन्मलीस तवाबी झाला न्हवता. आता ह्यातलं कुठलं लाल आणि कुठलं हिरवं, ते तुझ्या यंत्राला इचार.”

“दाद द्यायला आला असता तर लाल झालंच नसतं. हजारो लोकांचं होत नाही.”

“ते लोक?” सर्जेराव उसळले. “मला हाकलताना हिरवे हुते त्ये!”

आसावरीने मान खाली घातली. तो हिरवा तिनेही पाहिला होता. लोकांना थांबवायला तिने माइक उचलला होता, आणि फळ्याकडे बघून पुन्हा खाली ठेवला होता.

सर्जेरावांनी पट्टी दातांनी उचकटून सोडवली. ऋचा “काका, काढायची नाही” म्हणेपर्यंत ती त्यांनी पोरीच्या मनगटावर बांधलीसुद्धा. दिवा पिवळा झाला, आसावरी दोनदा खोल श्वास घेऊन उभी राहिली तसा हिरवा झाला. अशी सवय होती तिला.

“म्हण,” सर्जेराव म्हणाले.

“मी न्हाई म्हणत.” स्टेजवर ‘मी गाते’ म्हणणाऱ्या आसावरीच्या तोंडातून घरची भाषा कधी निघाली ते तिचं तिलाच कळलं नाही. “लोकांसमोर म्हटलं तेवढं बास झालं.”

“लोक न्हाईत आता. फळा न्हाई. म्हण.”

“म्हणतो!” गावाकडच्या पोरींसारखी ती ‘म्हणते’ऐवजी ‘म्हणतो’च म्हणाली. “आणि हिरवं राहिलं तर माझ्या दारात पुन्हा येऊ नका.”

“न्हाई येणार.”

तिने डोळे मिटले. कातळातल्या त्या खोलीत तिचा आवाज सुरुवातीला करकरीत लागला, वैऱ्याला ऐकवावा तसा. दिवा हिरवाच होता. ऋचाने श्वास रोखला. आसावरी शुद्ध गंधारावर आली, थांबली, आणि तिथून हळूच खाली उतरली. उतरताना तिचा गळा दाटला, जबडा आवळला गेला, मुठी वळल्या. अगदी बापाच्या वळल्या होत्या तशाच. मग तिने डोळे उघडून मनगटाकडे पाहिलं.

लाल. लालभडक.

सर्जेरावांनी पट्टीला हात लावला नाही. हसलेही नाहीत. म्हातारा पुढे झुकला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा हलक्या आवाजात बोलला.

“आता तू सांग आसे. कुठला राग आला?”